बॉनेटवरचा स्टार परत परत मान टाकतो : काढणं, बघणं आणि नीट बसवणं

तक्रार साधारण अशी असते. जुन्या मर्सिडीजच्या बॉनेटवरचा स्टार डुलायला लागला म्हणून गॅरेजला दाखवला. त्यांनी घट्ट करून दिला, किंवा सरळ नवाच लावला. काही दिवस बरे गेले आणि पाऊस लागला तशी स्टारने परत मान टाकली. मग आणखी एक स्टार. मग कोणीतरी हितचिंतक सांगतो, खालून एम-सील भर, जन्मात हलणार नाही.

एम-सील भरू नका, कारण पुढे येतंच आहे. आधी एवढं लक्षात घ्या की दुखणं बहुतेक वेळा स्टारचं नसतं. ते असतं तो ज्या भोकात बसतो त्याच्या काठाचं, बैठकीखालच्या रबराचं आणि स्प्रिंगचं. स्टार बदलताना या तिघांकडे कोणी बघत नाही, म्हणून नव्या स्टारलाही तोच रोग लागतो.

मी लिहितोय ते मुख्यतः डब्ल्यू १२४ बद्दल, म्हणजे १९९५ पासून पुण्यात जुळणी होऊन आलेल्या ई २२० आणि ई २५० डिझेल. या गाड्या १९९३ च्या बदलानंतरच्या घडणीच्या. यांची ग्रिल बॉनेटमध्येच बसवलेली असते आणि स्टार बॉनेटच्या पत्र्यावर एकटा उभा असतो. बाहेरून आणलेली त्याआधीची १२४ किंवा १९७५ ते १९८६ मधली १२३ असेल, तर स्टार ग्रिलच्या क्रोम चौकटीच्या माथ्यावर असतो आणि हात ग्रिलच्या मागून घालावा लागतो. बाकी तत्त्व तेच. अँबॅसेडर, फियाटवाल्यांसाठी शेवटी वेगळं लिहिलं आहे, त्यांचा मामला निराळा.

आत असतं काय

वरून एकच वस्तू दिसते, पण ती जोडणी आहे. वर्तुळ आणि त्यातला तीन टोकांचा स्टार, खाली आखूड दांडा. दांड्याचं खालचं टोक गोलसर, ते क्रोमच्या छोट्या बैठकीत टेकलेलं. बैठक आणि रंग यांच्यामध्ये पातळ रबर किंवा प्लॅस्टिकची चकती. आणि पत्र्याखाली, बॉनेट उघडल्याशिवाय न दिसणारी स्प्रिंग, तिच्या टोकाला दोन कान असलेलं लॉक. हे कान भोकाच्या खाचेतून खाली जातात आणि पाव फेरा दिला की आडवे होऊन अडकतात. स्प्रिंग लॉकला सतत वर ओढते, त्यामुळे बैठक पत्र्यावर दाबून राहते.

स्टारला धक्का लागला की तो कलतो, स्प्रिंगवर ताण येतो, धक्का गेला की स्प्रिंग त्याला उभा करते. म्हणजे स्टारने कलणं हा बिघाड नाही, कलून परत न येणं हा बिघाड. युरोपात १९७४ च्या निर्देशापासून तसा नियमच आहे: आधारापासून १० मिलिमीटरपेक्षा वर आलेल्या शोभेच्या चिन्हावर १० डेकान्यूटन, म्हणजे साधारण दहा किलो वजनाइतका आडवा जोर पडला, तर ते आत गेलं पाहिजे, वाकलं पाहिजे किंवा सुटून पडलं पाहिजे. धडक बसलेल्या माणसाच्या अंगात ते घुसू नये, एवढाच हेतू.

आता एम-सीलचं. ते भरलं की जोडणी दगड होते. मग हातगाडीचा कोपरा लागला किंवा शेजारच्या स्कूटरचं हँडल लागलं की तो जोर स्प्रिंगने पचवण्याऐवजी थेट पत्र्यावर जातो. दांडा तुटला तर नशीब म्हणायचं, नाहीतर भोकाभोवतीचा पत्राच खोलगट बसतो आणि स्टारच्या कामाचं डेंटिंग-पेंटिंगचं काम होतं. शिवाय सीलच्या कडेने पाणी मुरतं, सुकत नाही, आणि गंज आतून पसरत जातो. फेविक्विक आणि अरल्डाइट यांनाही हेच लागू.

गाडी उघडण्याआधी बोटांनी बघा

एका हाताच्या नखाने बैठक पत्र्यावर दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने स्टार हळूच मागे, पुढे, डावीकडे, उजवीकडे कलवून सोडा. आता नीट बघा, हलतंय ते नेमकं काय.

बैठक जागच्या जागी आहे, स्टार कलला पण अर्ध्यावरच थांबला, बोटाने उभा करावा लागला, तर दांड्याच्या गोल टोकाभोवती मळ दाटला आहे. हा मळ म्हणजे बहुधा पॉलिश. वर्षानुवर्षं बॉनेटला पॉलिश मारताना ते फटीत जातं, वाळून पांढरं होतं आणि त्यावर धूळ बसून खडूसारखा थर तयार होतो. असं असेल तर काही काढूच नका. कोमट पाण्यात गाडी धुवायचा शाम्पू, जुना मऊ टूथब्रश, आणि दहा मिनिटांची सबुरी. थर निघाला की वाळू द्या, सिलिकॉन स्प्रेचा एक थेंब काडीने फटीत सोडा आणि स्टार चारी दिशांना कलवून फिरवा. बऱ्याच गाड्यांचा प्रश्न इथेच मिटतो. गंज सैल करायला वापरतात तो स्प्रे इथे मारू नका. तो उडून जातो आणि मागे राहतो तो चिकटा, त्यावर मुंबईची धूळ दुप्पट बसते.

फटीत काही नाही आणि तरी स्टार सुस्तपणे उभा राहतो, सिग्नलवर इंजिनाच्या थरथरीबरोबर थरथरतो, तर स्प्रिंग दमली आहे. बैठकच नखाखाली उचलली जाते, किंचित सरकते, तर लॉक अर्धवट बसलंय, नाहीतर खालचं रबर चेपून कागद झालंय. स्टार उभाच आहे पण त्याचं तोंड फूटपाथकडे वळतं, तर बैठकीच्या पोटाशी असलेली अडकण झिजली आहे किंवा भोकाची खाच कोणीतरी कानशीने मोठी केली आहे. हे शेवटचं सर्वात वाईट. स्टार नीट आत जात नाही म्हणून भोक घासून मोठं करायचं, असला उद्योग मी पाहिलेला आहे. तेव्हा त्या भोकात फक्त रंगाचा जाड थर साचलेला होता.

आणि बैठकीच्या कडेला काय रंगाची पावडर दिसते तेही बघा. पांढरी असेल तर चिन्हाचा जस्ताचा मिश्रधातू, आपल्याकडे बाजारात ज्याला मझाक म्हणतात, तो झिजतोय. पत्रा अजून वाचलेला असतो, कारण जस्त आधी स्वतः झिजतं. तांबूस ओघळ असेल तर गंज पत्र्यापर्यंत पोचलाय आणि आता आळस परवडणारा नाही.

काढणं

इंजिन थंड असावं. एक नोज प्लायर, मास्किंग टेप, जाड फडकं, टॉर्च आणि वरून स्टार धरायला एक माणूस. एकट्याने जमतं, पण स्प्रिंग सुटली की स्टार उडून काचेवर जातो किंवा लॉक निसटून इंजिनच्या पोटात पडतं, आणि मग ते शोधताना खालचं कव्हर खोलायची वेळ येते. म्हणून फडकं आधी पुढच्या भागावर, रेडिएटरच्या वर, पसरून घ्या.

१२४ चं बॉनेट नेहमीसारखं उघडतं आणि बिजागरीजवळचा खटका दाबला की सरळ उभंही राहतं. या कामाला नेहमीची उघडझाप पुरते. उभं केलं तर बॉनेटचं नाक पार वर जातं आणि स्टूल लागतं. पोडियमच्या किंवा स्टॅक पार्किंगच्या खाली तर उभं करूच नका, वरचे पाइप आधी बघा. जुन्या १२४ मध्ये बॉनेटखालचं काळं आवाजरोधक फोमही भुसभुशीत झालेलं असतं. हात लागला की त्याचा चुरा गळतो, तो एअर फिल्टरच्या तोंडाशी जाऊ देऊ नका.

बैठकीभोवती रंगावर मास्किंग टेप लावून घ्या. मग खालून टॉर्च मारा. बॉनेटच्या आतल्या चौकटीत स्टारच्या बरोबर खाली उघडी जागा असते, तिथे स्प्रिंगचं टोक आणि आडवे कान दिसतील. मोबाइलने फोटो काढा. कान कोणत्या दिशेला आहेत हे नंतर आठवत नाही, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

वरच्या माणसाने स्टार तळहाताखाली हलकेच दाबून धरायचा. तुम्ही प्लायरने लॉकचा खालचा भाग पकडायचा, सरळ खाली ओढायचा, कान खोबणीतून सुटेपर्यंत, आणि मग पाव फेरा, म्हणजे ९० अंश, फिरवायचा. कान खाचेच्या रेषेत आले की ओढ सैल करत लॉकला सावकाश वर जाऊ द्या. वरचा माणूस स्टार उचलून घेईल. झालं. प्लायर आत शिरत नसेल तर लॉकच्या आडव्या कानात मांजासारखा मजबूत नायलॉनचा दोरा ओवून त्याने खाली ओढा आणि फिरवायला प्लायरचं टोकच वापरा. फिरत नसेल तर जबरदस्ती नको, अजून थोडं खाली ओढा. न फिरण्याचं कारण जवळपास नेहमी हेच असतं की कान खोबणीतून पूर्ण सुटलेले नसतात.

स्टारच्या पुढे बसलेला गोल मिन्याचा बिल्ला वेगळा असतो, त्याला या कामात हात लावायची गरज नाही. त्यावरची लॉरेलची माळ बेंझची आणि स्टार डाइमलरचा, १९२६ साली दोन्ही कंपन्या एक झाल्या तेव्हापासूनची जोडी. स्क्रू ड्रायव्हर घालून तो उचकटायला गेलात तर मिना तडकतो.

भोक : खरं काम इथे आहे

स्टार बाजूला ठेवा आणि भोकाच्या काठाकडे बघा. टॉर्च तिरका धरा. तीन प्रकार आढळतात.

पहिला, काठ स्वच्छ, रंग शाबूत. मग फक्त पुसून घ्या आणि पुढे जा.

दुसरा, काठावर रंगाचा जाड थर. गाडी कधीतरी पूर्ण रंगवलेली असते आणि रंगवताना स्टार काढून भोक तसंच फवारलेलं असतं. रंग, वर लॅकर, त्याखाली पुटी. खाच अरुंद होते, लॉकचे कान पूर्ण आत जात नाहीत, अर्धवट अडकतात, आणि काही खड्ड्यांनंतर सुटतात. वांद्र्याहून दादरला येईपर्यंत पुरेसे खड्डे मिळतात. इथे कानस नको. ब्लेडचं टोक आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर, नुसता रंग खरवडा, पत्रा दिसायला लागला की थांबा. मूळ लॉक हातात घेऊन खाचेतून सहज जातंय का ते तपासत राहा.

तिसरा, गंज. वर फोड आलेला दिसतो तेवढाच तो नसतो, रंगाखाली त्याहून जास्त पसरलेला असतो. फुगलेला रंग खरवडून काढा, खाली सुकं चकचकीत लोखंड येईपर्यंत घासा, गंज खाणारं फॉस्फोरिक ॲसिडवालं द्रावण बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ लावा, पुसा, मग इपॉक्सी किंवा जस्तयुक्त प्रायमर, मग टच-अप. टच-अप एकाच जाड थेंबात भरू नका, पातळ थर देत जा आणि दोन थरांमध्ये वाळू द्या. जाड थर वरून वाळतो, आतून ओला राहतो, आणि बैठक दाबून बसली की चिकटतो. मग पुढच्या वेळी स्टार काढाल तर रंगाची खपली सोबत येते.

हे काम जून ते सप्टेंबरमध्ये काढू नका. हवेत एवढी आर्द्रता असते की थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दव धरतं आणि रंगावर पांढुरकी झाक येते. पेंटर त्यासाठी थिनर सावकाश उडू देणारं रिटार्डर घालतात, पण लहान बाटलीतल्या टच-अपला ती सोय नाही. पावसाळ्यात निकड असेल तर स्टार काढून ठेवा, भोक बंद करा आणि ऑक्टोबरच्या उन्हाची वाट बघा. ऑक्टोबरचं ऊन या एकाच कामाला चांगलं.

रबर आणि स्प्रिंग

मूळ पार्ट मिळत असेल तर तोच घ्या, काउंटरवर चासी नंबर सांगून. दिसायला सगळे स्टार सारखेच, पण बैठकीचा वक्र आणि दांड्याची लांबी मॉडेलप्रमाणे बदलते. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत जुनी बैठक सोबत घेऊन जा, फोटोवर विसंबू नका. कुर्ल्याला सीएसटी रोडच्या बाजूला जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. तिथे स्टार घ्यायचाच तर आधी स्प्रिंग दाबून बघा. चकचकीत क्रोमला भुलू नका.

हलक्या प्रतीच्या नव्या स्टारमध्ये खोट हमखास स्प्रिंगमध्ये असते. तार बारीक, ताण कमी, आणि समुद्राच्या हवेत काही महिन्यांत तांबडी. तुमचा मूळ स्टार धड असेल तर त्याला टाकून हा लावणं म्हणजे चांगल्या पायात फाटकी चप्पल.

नुसतं रबर आणि स्प्रिंग हवी असेल तर मशीद स्टेशनजवळची नागदेवी गल्ली. रबर ईपीडीएमचं, म्हणजे ऊन-पाऊस सोसणाऱ्या जातीचं, साधारण एक मिलिमीटर जाडीचं, बैठकीच्या आकाराचं कापून घ्या. मधलं भोक खाचेपेक्षा थोडं मोठं हवं, म्हणजे लॉकच्या वाटेत येणार नाही. जास्त जाड घेतलंत तर बैठक वर राहते आणि लॉकचे कान खोबणीपर्यंत पोचतच नाहीत. सायकलच्या ट्यूबचा तुकडा चालतो का, असं विचारतात. वेळ मारून न्यायला चालतो, कायमचा नाही. स्प्रिंग घेताना जुनी नेऊन बाहेरचा व्यास, तारेची जाडी आणि सैल असतानाची लांबी, तिन्ही जुळवा. स्टेनलेसची असेल तर उत्तम. जास्त कडक स्प्रिंग म्हणजे जास्त मजबूत स्टार, असं समजू नका. कडक स्प्रिंगने स्टार कलतच नाही आणि परत एम-सीलचीच कथा.

बसवणं

काठ कोरडा, रंग वाळलेला, रबर जागेवर. दांड्याच्या गोल टोकाला आणि स्प्रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा, इतकं कमी की दिसू नये. फोटो काढलेला असेल तर तो उघडा. स्टार वरून सोडताना लॉकचे कान खाचेच्या रेषेत हवेत आणि बैठकीची अडकण तिच्या जागेवर. इथे घाई केली तर स्टार बसतो पण तिरका बसतो.

वरच्याने बैठक दाबून धरायची. खालून लॉक ओढा, ९० अंश फिरवा, सोडा. स्प्रिंग कानांना खोबणीत ओढून घेते तेव्हा स्पष्ट टक्क असा आवाज येतो आणि बोटांना झटका जाणवतो. आवाज आला नाही तर ते बसलेलं नाही, कितीही घट्ट वाटलं तरी. खात्री करायला लॉक बोटाने उलट फिरवून बघा. नीट बसलेलं लॉक खाली ओढल्याशिवाय फिरत नाही. फिरलं तर परत काढा.

मग गाडीच्या पुढे चार-पाच पावलांवर उभे राहून स्टार बॉनेटच्या मधल्या रेषेशी ताडून बघा, आणि ड्रायव्हरच्या सीटवरूनही. पुढून सरळ आणि आतून वाकडा दिसला तर बैठक एका बाजूला उचललेली आहे, बहुधा रबर दुमडलेलं असतं. चारी दिशांना कलवून सोडा. पहिल्या पावसानंतर बॉनेट उघडून खालून परत टॉर्च मारा. आतल्या चौकटीत पाण्याचा ओघळ दिसला तर रबर पुरत नाहीये.

वेगात बॉनेटच्या पुढून किणकिण येत असेल तर स्प्रिंग आतल्या चौकटीला लागतेय. लॉक फिरवताना ती तिरकी झालेली असते. काढून परत बसवली की जाते.

तरी परत हलतो, तर

आता गाडीचं दुखणं संपलं, माणसांचं सुरू. आमच्या सोसायटीत पहाटे गाड्या पुसणारे मामा साताऱ्याकडचे आहेत, कामाला चोख. त्यांना विचारलं होतं, "मामा, कव्हर काढताना कुठनं ओढता?" म्हणाले, "पुढनंच की साहेब. मागनं ओढलं तर आरशात अडकतंय." बरोबरच आहे. पण कव्हर पुढून मागे ओढलं की त्याचं इलॅस्टिक प्रत्येक वेळी स्टारमध्ये अडकतं आणि त्याला पार मागे झोपवून जातं. दिवसातून दोनदा, बारा महिने. कुठलीही स्प्रिंग यापुढे दमेल. उपाय सोपा आहे. कव्हर घालताना आधी पुढचं टोक नाकाखाली अडकवून मग मागे न्या, काढताना आधी बॉनेटवरचा भाग उचलून काचेवर घ्या आणि मग ओढा. शिंप्याकडून कव्हरला स्टारच्या जागी छोटी खोळ शिवून घेतली तर आणखी बरं. मामांना एकदा करून दाखवा, नुसतं सांगून उपयोग नाही. आणि फडकं वर्तुळात घालून स्टार घासायचा नाही, हेही तेव्हाच सांगून टाका. धागा टोकाला अडकतो आणि ओढला जातो.

दुसरं म्हणजे हार. खंडेनवमी-दसऱ्याला गाडीची पूजा झाली की झेंडूचा हार बांधायला गाडीच्या पुढच्या बाजूला एकच सोयीची खुंटी दिसते, ती म्हणजे स्टार. हाराची तार दांड्याला दोन वेढे मारून आवळलेली असते. मग तो ओला, जड हार घेऊन गाडी पूर्व द्रुतगती मार्गावर धावते आणि वारा त्याला दिवसभर एका बाजूला ओढत राहतो. तारेने बैठकीचा क्रोम ओरखडतो ते वेगळंच, आणि त्याच ओरखड्यातून पुढे पांढरी पावडर सुरू होते. हार ग्रिलच्या पट्ट्यांना सुताच्या दोऱ्याने बांधा, आणि संध्याकाळी काढा. भाचीच्या लग्नात गाडी सजवायला दिलीत तर फुलवाल्याला आधी सांगून ठेवा, कारण तो सेलोटेप बॉनेटच्या रंगावरच चिकटवतो.

अँबॅसेडर, फियाट आणि तसल्या गाड्या

इथे स्प्रिंग नाही. चिन्ह, अक्षरं किंवा क्रोमची पट्टी मझाकची ओतीव किंवा पत्र्याची, तिला मागे खुंट्या, आणि पत्र्याखालून नट किंवा दाबाच्या क्लिपा. अडचण एकच, पण चिवट: नट गंजून खुंटीशी एकजीव झालेला असतो आणि फिरवलात तर नट सुटण्याआधी खुंटी मुळापासून तुटते.

म्हणून आदल्या रात्री खालून गंज सैल करणारं तेल सोडा, सकाळी पुन्हा. पान्ह्याने किंचित घट्ट करायच्या दिशेला, मग सैल, असं मागेपुढे. हलत नसेल तर फिरवायचा नाद सोडून नटच हॅकसॉच्या पात्याने उभा चिरा. नट दहा मिळतील, खुंटी नाही. तुटलीच तर मागच्या उंचवट्यात भोक पाडून आटे पाडता येतात आणि स्टेनलेसचा बारीक स्टड बसवता येतो, पण ड्रिलवर खोलीच्या मापाला टेप गुंडाळा, नाहीतर टोक पुढच्या क्रोममधून बाहेर येतं. बसवताना धातूच्या वॉशरखाली रबरी वॉशर घाला आणि बोटाने घट्ट झाल्यावर पाव फेऱ्यापेक्षा जास्त पिळू नका.

क्रोम परत करायला देणार असाल तर प्लेटिंगवाल्याला आधीच सांगा की हा मझाक आहे. लोखंड समजून ॲसिडच्या टाकीत सोडला तर धार, अक्षरं, सगळं विरघळून गुळगुळीत होऊन येतं. मझाकवर आधी तांब्याचा थर, मग निकेल, मग क्रोम. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी, म्हणजे आपली फियाटच, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. तिच्या पट्ट्या आणि क्लिपा तोडून नवीन आणण्याचे दिवस आता गेले, जुन्याच जपून काढा.

स्टार चोरीला गेला, तर

पिरगाळून तोडलेला असतो, त्यामुळे वरचा भाग जातो आणि लॉक, स्प्रिंग आतल्या चौकटीत राहतात. नवा स्टार घाईने बसवण्याआधी ते बाहेर काढा, नाहीतर तेच आत खडखडत राहतं आणि तुम्ही नव्या स्टारला दोष देता. लोखंडी असेल तर चुंबकाची सळई लावून येतं, नाहीतर दोऱ्याचा फास. चोराने पिळताना भोकाचा काठ वर उचललेला असेल तर तो लाकडी ठोकळा खाली धरून हलक्या हाताने सपाट करून घ्या, मगच बैठक बसते.

तोपर्यंत भोक उघडं ठेवू नका. पाणी तिथून बॉनेटच्या दुहेरी पत्र्यात जातं आणि पुढच्या शिवणीत साचतं. टेप पहिल्या सरीत सुटते. रबरी बूच नागदेवीला मिळतो, फक्त भोक पूर्ण गोल नसतं म्हणून नुसता व्यास सांगू नका. कागद भोकावर ठेवून पेन्सिल घासा, खाचेसकट ठसा उमटेल, तो घेऊन जा.